पेट्रोलच्या वासाचा माग

मनुष्याच्या पंचेंद्रियांत नाकाची योग्यता आपण फारच कमी लेखतों. डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीची साक्ष न्यायसभेंत चालते, कानांनीं ऐकलेल्या गोष्टीची निदान चर्चा तरी होते. पण "मला वास येतो" असें कोणी म्हटलें, कीं ऐकणारा बहुधा "तुम्हांला भास झाला असेल" असें म्हणून मोकळा होतो. मोटारींत बसल्यावर पेट्रोलचा वास येतो ही तक्रार याच जातीची. गाडीचा धनी म्हणतो, "मोटारच ती, तिला अत्तराचा वास कोठून येणार?" मिस्त्री पुढचें झांकण उघडून इकडे तिकडे पाहतो आणि कांहीं दिसत नाहीं म्हणून तें पुन्हा लावून टाकतो. घरांतील मंडळी आरशाखालीं सुगंधी द्रव्याची कुपी टांगून समाधान मानतात. परंतु या क्षुल्लक दिसणाऱ्या तक्रारीला सव्वाशें वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत एका विस्तीर्ण शहराच्या हवेचें कोडें याच वासाच्या मागानें उलगडलें, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. ती सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम वास म्हणजे काय, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. फुलाचा सुवास येतो तेव्हां फुलांतील तैलांश प्रत्यक्ष उडून आपल्या नाकांत शिरलेला असतो. पेट्रोलचेंहि तसेंच. वास ही पेट्रोलची छाया नव्हे. वास म्हणजे पेट्रोलच. तें एकजिनसी द्रव्य नसून शेंकडों निरनिराळ्या हायड्रोकार्बनांचें मिश्रण आहे आणि त्यांतले हलके भाग नेहमींच्या उन्हाळ्यांत सहज उडून जातात. शिवाय द्रवरूप पेट्रोल जळत नाहीं. जळतें तें त्याचें बाष्प. एंजिनाला अन्न म्हणून लागतें तें हें बाष्पच. म्हणजे ज्या गुणामुळें हें तेल मनुष्याच्या उपयोगीं पडलें, त्याच गुणामुळें तें प्रत्येक फटींतून पळावयास टपलेलें असतें. मोटारीच्या जन्मापासून आजपर्यंतचा कारागिरांचा मोठा खटाटोप म्हटला तर एवढाच कीं, हें बाष्प हवें तेथें उत्पन्न व्हावें आणि नको तेथें होऊं नये.

आरंभीं मात्र हें तेल कोणालाच नको होतें. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत टायटसव्हिल येथें १८५९ सालीं ड्रेकच्या विहिरीला तेल लागलें, तेव्हां व्यापाऱ्यांचें लक्ष होतें दिव्यांत जाळावयाच्या घासलेटावर. खनिज तेल ऊर्ध्वपातनानें शुद्ध करतांना सर्वांच्या आधीं उडून येणारा हलका भाग दिव्यांत घातल्यास भडका होई; म्हणून तो पुष्कळदां फुकट दवडला जाई. जो थोडासा विकला जाई तो कपड्यांवरील डाग काढण्यासाठीं, औषधांच्या दुकानांतून. कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी मोटारीचा हक्क २९ जानेवारी १८८६ रोजीं मागितला. पुढें १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बर्था आपल्या दोघां मुलांना घेऊन, नवऱ्याला न कळवितां, मानहाइमहून फोर्झहाइमला याच जातीच्या गाडींतून गेली. वाटेंत तेल संपलें, तेव्हां तिनें वीसलोख गांवच्या औषधवाल्याकडून डाग काढण्याचें 'लिग्रोइन' विकत घेतलें. तेलाची नळी तुंबली ती तिनें आपल्या टोपीच्या सुईनें मोकळी केली. इंधन कोठें अडलें अथवा कोठून निसटलें हें शोधण्याची मोटारविद्येंतील परंपरा अशी एका गृहिणीपासून सुरू होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

बेंझच्या गाडींत बाष्प करण्याची युक्ति अगदीं भोळी होती. एका भांड्यांत तेल असे व त्याच्या पृष्ठभागावरून हवा खेंचली जाई. जातांना ती बाष्प घेऊन जाई. १८९३ सालीं विल्हेल्म माइबाख यानें तेलाची बारीक फवार हवेंत सोडणारा कर्ब्युरेटर तयार केला, आणि पुढील जवळ जवळ शंभर वर्षें त्याचीच संतति मोटारींतून नांदली. पण कर्ब्युरेटर झाला तरी त्याच्या पोटांत तेलाची वाटी असे आणि त्या वाटीला हवेसाठीं छिद्र ठेवावें लागे. गाडी थांबली, एंजिनाची धग वाटीला लागली, कीं वाटींतलें तेल उकळून त्याचें बाष्प छिद्रावाटे बाहेर पडे. टाकीच्या झांकणालाहि असेंच छिद्र असे. नाहीं तर तेल कमी होतांच आंत निर्वात होऊन प्रवाह बंद पडावयाचा. म्हणजे गाडीला वास येणें हा दोष नव्हता. ती तिची घडणच होती.

फोर्डची 'मॉडेल टी' ही १९०८ सालीं निघालेली गाडी घ्या. तिच्या पहिल्या रूपांत तेलाची टाकी पुढच्या बैठकीखालीं असे. तेल भरावयाचें म्हणजे माणसांनीं उठावें, गादी उचलावी, आणि काठी बुडवून किती उरलें तें पाहावें. तेल उताराच्या बळानें एंजिनाकडे जात असल्यामुळें टाकी अर्धी रिकामी असतां उभा चढ लागला तर गाडी अडे. मग चालक तिला वळवून उलटी चढवी. ज्या गाडींत कुटुंब प्रत्यक्ष तेलाच्या टाकीवर बसत असे, तिच्यांत वासाची तक्रार कोण करणार? आमच्या इकडील घाटांतहि उन्हाळ्यांत नळींतच तेलाचें बाष्प होऊन गाड्या अडत आणि चालक पंपावर ओला फडका बांधून ती निववीत; त्या वेळीं चहूंकडे दरवळणारा पेट्रोलचा वास हा प्रवासाचाच एक भाग समजला जाई. पुष्कळांना तर तो आवडे. सवयीनें मनुष्य कशालाहि 'स्वाभाविक' म्हणूं लागतो, त्याचें हें उदाहरण होय.

ही सवय पहिल्यानें मोडली ती लॉस एंजलिस शहरांत. महायुद्ध चालू असतां, १९४३ च्या २६ जुलै रोजीं, तेथें एकाएकीं असें दाट धुकें पसरलें कीं लोकांचे डोळे चुरचुरूं लागले व घसे धरले. शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय, अशीहि शंका कित्येकांस आली. कृत्रिम रबरासाठीं ब्युटाडाइन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर आळ गेला. त्याचें काम थांबविलें, तरी धुकें हटेना. मग घरोघरच्या कचरा जाळण्याच्या भट्ट्या, टायर जाळणारे, कारखान्यांचीं धुराडीं, असे एकामागून एक संशयित उभे राहिले. १९४७ सालीं हवेच्या शुद्धतेसाठीं जिल्ह्याचें स्वतंत्र खातें स्थापन झालें. गंधकाचा धूर हाच अपराधी असें प्रथम धरलें गेलें, कारण लंडनच्या काळ्या धुक्याचा तोच अनुभव होता. पण या धुक्याची तऱ्हा वेगळी. लंडनचें धुकें थंडींत व दमट हवेंत पडे, तर हें स्वच्छ उन्हाच्या दिवशीं माजे. त्यानें शेतांतील पालेभाजीचीं पानें पितळेच्या रंगाचीं होत, आणि मोटारींच्या रबरी धांवांना चिरा पडत. या लक्षणांचा मेळ कोणाला बसेना.

तो बसविला एका सुगंधाच्या अभ्यासकानें. आरी हागेन-स्मिट हा १९०० सालीं युट्रेख्ट येथें जन्मलेला डच रसायनशास्त्रज्ञ पासाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें काम करीत असे. वनस्पतींचीं सुवासिक तेलें हा त्याचा विषय. अननसाचा स्वाद कोणकोणत्या द्रव्यांचा बनतो, हें शोधण्यासाठीं त्यानें अननसांच्या राशींतून उडणारें बाष्प अतिशय थंड केलेल्या नळ्यांतून नेऊन गोठविलें होतें. पुढें हवेच्या खात्याच्या विनंतीवरून त्यानें तींच उपकरणें प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरील हवेला लाविलीं. हवेचें मोठें परिमाण त्या थंड नळ्यांतून गेल्यावर खालीं जमलें तें थोडेंसें दुर्गंधी द्रव. त्याचें पृथक्करण करतांना त्याला त्यांत खनिज तेलाच्या हायड्रोकार्बनांचे, हवेंत अर्धवट जळून पालटलेले अवशेष आढळले. अपराधी धुराड्यांत नव्हता. तो तेलाच्या टाक्यांत, शुद्धीकरणाच्या कारखान्यांत आणि लक्षावधि मोटारींत होता.

हागेन-स्मिटनें दाखवून दिलेली क्रिया थोडक्यांत अशी. पेट्रोलचें बाष्प आणि एंजिनाच्या उष्णतेनें उत्पन्न झालेलीं नत्राचीं ऑक्साइडें हीं दोन्हीं सूर्यप्रकाशांत एकत्र आलीं म्हणजे त्यांपासून ओझोन व इतर झोंबणारीं द्रव्यें तयार होतात. प्रयोगशाळेंतील बंद कोठडींत पेट्रोलचें बाष्प व ओझोन सोडून त्यानें पालकाच्या पानांवर तेच डाग उठविले. रबराची पट्टी वांकवून हवेंत ठेवली असतां तिला चीर पडण्यास किती वेळ लागतो, यावरून त्यानें ओझोनचें माप काढलें. १९५२ सालीं त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. तेलाच्या व्यापाऱ्यांच्या संघानें ज्यांच्याकडे संशोधन सोंपविलें होतें त्यांनीं ही उपपत्ति अमान्य केली, आणि एका व्याख्यानांत तिची अवहेलनाहि झाली. त्यामुळें चिडून जाऊन अननसाचा हा अभ्यासक आपला आवडता विषय सोडून पुढें या धुक्याच्याच मागें लागला. १९६८ सालीं कॅलिफोर्निया संस्थानानें हवेसाठीं जें मंडळ नेमलें त्याचा पहिला अध्यक्ष तोच होय.

एकदां मोटार संशयित ठरल्यावर प्रश्न आला तो असा: तिच्यांतून पेट्रोल नेमकें निघतें कोठून? सर्वांचें बोट प्रथम मागच्या धुराच्या नळीकडे गेलें, आणि मोठा वाटा तिचाच होता हें खरें; परंतु अजमासें पांच हिश्शांपैकीं दोन हिस्से दुसऱ्याच वाटांनीं जात होते. एंजिनांतील दट्ट्याच्या कडेनें कांहीं न जळलेलें बाष्प खालच्या तेलाच्या कोठींत उतरे आणि तेथून एका उघड्या नळीनें रस्त्यावर सोडलें जाई. ही नळी एंजिनाच्या श्वासमार्गाला परत जोडून तें बाष्प जाळून टाकण्याची सोपी युक्ति १९६१ पासून कॅलिफोर्नियांतील नव्या गाड्यांना व १९६३ पासून साऱ्या अमेरिकेंतील गाड्यांना लागू झाली. उरलेला वाटा टाकीच्या व कर्ब्युरेटरच्या छिद्रांचा. म्हणजे गाडी दारांत निश्चल उभी असतांनाहि ती शहराची हवा नासवीत होती. नळीचा धूर डोळ्यांस दिसतो. हा वाटा दिसत नव्हता, त्याचा केवळ वास येत होता.

या शेवटच्या चोराला कैद केलें तें कोळशानें. विशेष रीतीनें भाजलेल्या कोळशाच्या अंगीं असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात व बाष्प त्यांच्या भिंतींना चिकटून राहतें. टाकीचें तोंड बाहेर न ठेवतां तें अशा कोळशाच्या डब्याला जोडलें. गाडी उभी असतां बाष्प डब्यांत सांठतें. एंजिन चालू झालें कीं तें डब्यांतून ताजी हवा खेंचतें, आणि तिच्याबरोबर सांठलेलें पेट्रोलहि जळून जातें. ही रचना कॅलिफोर्नियांत १९७० सालच्या व अमेरिकेंत सर्वत्र १९७१ सालच्या गाड्यांपासून आली. हवेंत फुकट जाणारें इंधन पुन्हा पोटांत घेणारी ही डबी मोटारींतील अत्यंत स्वस्त आणि अत्यंत शहाण्या भागांपैकीं एक होय.

पुढचा टप्पा होता मोजमापाचा. १९७८ सालच्या गाड्यांपासून अमेरिकेंत अशी परीक्षा सुरू झाली कीं संबंध मोटार एका हवाबंद खोलींत ठेवावयाची, तिची टाकी दिवसाच्या उन्हाइतकी तापवावयाची, एंजिन चालवून गरम केलेली गाडी आंत तशीच उभी करावयाची, आणि खोलीच्या हवेंत किती हायड्रोकार्बन जमला तें मोजावयाचें. प्रथम सहा ग्रॅमची मर्यादा होती. १९८१ पासून ती दोन ग्रॅमवर आली. या खोलींत एक चमत्कार आढळला: अगदीं नव्या गाडीचा रंग, टायर आणि आंतील गाद्यासुद्धां हायड्रोकार्बन सोडतात, व तो हिशेबांत धरावा लागतो. १९९६ पासून तर तेथील गाड्यांना स्वतःच स्वतःची परीक्षा करण्याचें बंधन आलें. गाडींतील यंत्र टाकीची सर्व रचना बंद करून आंतील दाब टिकतो कीं नाहीं हें पाहतें. एक मिलिमीटर व्यासाचें छिद्र असलें तरी तें चालकापुढें दिवा लावतें. पुढें ही मर्यादा अर्ध्या मिलिमीटरवर आली. टाकीचें झांकण नीट न फिरविल्यामुळेंहि पुष्कळदां तो दिवा लागतो. सारांश, जें काम नाक करीत होतें, तें आतां यंत्राकडे आलें.

मग नाकाचें प्रयोजन संपलें काय? आमच्या मतें तें उलट वाढलें आहे. मॉडेल टीच्या काळीं वास ही गाडीची प्रकृति होती. आजच्या बंदिस्त गाडींत ती विकृति आहे. तिला वास येतां कामा नये, म्हणून आला तर त्याला अर्थ आहे. हवेच्या दहा लाख भागांत पेट्रोल-बाष्पाचा एक भाग असला, तरी तो नाकाला कळूं शकतो. पेट घेण्यास मात्र शंभर भागांत निदान सव्वा-दीड भाग लागतो. म्हणजे प्रकृतीनें आपल्याला भडक्याच्या सहस्रावधि पटींनीं आधीं सूचना देणारा पहारेकरी दिला आहे. दोष इतकाच कीं हा पहारेकरी लवकर पेंगतो. कांहीं मिनिटें त्याच वासांत बसलें कीं नाक त्याची दखल घेणें सोडतें, आणि "वास गेला" असें आपण म्हणतों. यास्तव गाडींत बसून शोध करणारानें मधून मधून बाहेरच्या हवेंत जाऊन नाक ताजें करावें. वास नुकत्याच बाहेरून आलेल्या मुलाला येतो आणि चालकाला येत नाहीं, यांत मुलाची चूक बहुधा नसते.

माग काढण्याची रीतहि इतिहासानेंच शिकविली आहे: वास कोठें येतो याआधीं तो केव्हां येतो हें विचारावें. टाकी भरल्यानंतरच येत असेल, तर दोष भरण्याच्या नळीचा, तिच्या जोडाचा किंवा टाकीच्या वरच्या बाजूच्या नळ्यांचा. रात्रभर बंद जागेंत उभी असलेली गाडी सकाळीं वास देत असेल, तर कोठें तरी अगदीं हळू पाझर आहे, किंवा कोळशाचा डबा फुटला अथवा पेट्रोलनें भिजला आहे. टाकी तोंडापर्यंत ठासून भरणें हें त्याचें नेहमींचें कारण. एंजिन चालू झाल्यावरच येत असेल, तर दाबाखालील नळी किंवा तिच्या टोकाचें रबराचें कडें पाहावें. खिडक्या उघड्या ठेवून चालतांनाच येत असेल, तर मागील धूर आंत ओढला जात असण्याचा संभव. पेट्रोलचें बाष्प हवेहून तीन-चार पट जड असल्यामुळें तें जमिनीलगत सांचतें, म्हणून उभ्या माणसापेक्षां वांकणाऱ्याला तें आधीं कळतें. जेथें पेट्रोल पाझरतें तेथली धूळ व तेलकटपणा धुऊन जाऊन जागा चमत्कारिक स्वच्छ दिसते, ही मिस्त्रीलोकांची जुनी खूण. शोधासाठीं आगकाडी वा उघडा दिवा कधींहि वापरूं नये, हें सांगावयास नकोच. आजचे कुशल कारागीर नळ्यांत अल्प दाबानें पांढरा धूर सोडतात आणि तो जेथून बाहेर येईल तेथें बोट ठेवतात.

आमच्या देशांत या गोष्टीला आणखी एक निमित्त आहे. २०२३ पासून येथें शेंकडा २० भाग इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. अशा मिश्रणासाठीं न बनविलेल्या जुन्या गाड्यांतील कित्येक जातींचें रबर इथेनॉलनें फुगतें, पुढें कडक होतें व भेगाळतें. पंधरा-वीस वर्षांची गाडी जिवापाड सांभाळणाऱ्या मध्यमवर्गीय घरांत एकाएकीं वास येऊं लागला, तर प्रथम रबराच्या नळ्यांकडे पाहावें. याचा खर्च थोडा; उपेक्षेचा खर्च मोठा. कारण पेट्रोलमध्यें बेंझीन असतें, आणि त्यापासून रक्ताचा कर्करोग होतो हें निर्विवाद ठरलें आहे. भारतांतील नियमानें त्याचें प्रमाण शेंकडा एका भागावर आणून ठेवलें आहे. पण एक भाग म्हणजे शून्य नव्हे, आणि बंद गाडींत मागच्या बैठकीवर निजलेलें मूल तीच हवा घेत असतें.

नाकाची मर्यादाहि येथें सांगितली पाहिजे, नाहीं तर हा इतिहास एकांगी होईल. पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग घातल्यास एंजिनाचा ठोका थांबतो, असें थॉमस मिजली यानें १९२१ सालीं शोधून काढलें. १९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सींतील बेवे येथें तें तयार करणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी तें पेट्रोल जगभर पसरलें. गाडीच्या धुरांतून रस्तोरस्तीं पडणाऱ्या त्या शिशाला लोकांच्या नाकाला कळेल असा वास नव्हता. भारतांत तें २०००

 सालीं बंद झालें, आणि मोटारींसाठीं तें विकणारा शेवटचा देश अल्जीरिया २०२१ सालीं थांबला. ज्या विषाला वास नव्हता तें जगांतून घालविण्यास जवळ जवळ शंभर वर्षें लागलीं. ज्याला वास होता त्याचा माग त्याहून पुष्कळ लवकर लागला. वास ही म्हणूनच उपद्रवी गोष्ट न समजतां उपकारक समजली पाहिजे.

लॉस एंजलिसचे लोक कांहीं वर्षें एका कारखान्यापासून दुसऱ्या भट्टीपर्यंत अपराधी शोधीत हिंडले, आणि तो त्यांच्याच दारांत उभा होता. हें आपल्या शहरांनाहि लागू आहे. संध्याकाळीं पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर डोळे चुरचुरतात तेव्हां आपण पुढच्या मालमोटारीकडे बोट दाखवितों. आपल्या स्वतःच्या गाडीचें सैल झांकण व फुटलेली नळी मात्र आपल्याला आठवत नाहीं. वास आला असतां त्यावर दुसरा वास शिंपडणें हा एक मार्ग, आणि तो कोठून आला हें विचारणें हा दुसरा. अत्तराची कुपी पहिल्या मार्गाची खूण आहे, कोळशाची डबी दुसऱ्याची. घरांतील कोणी "पेट्रोलचा वास येतो" असें म्हटलें, तर त्याला भास झाला असें न म्हणतां गाडी थांबवावी, खिडक्या उघडाव्या, सर्वांना खालीं उतरवावें आणि शोध करावा. आधुनिक हवेचें शास्त्र अशाच एका चौकस नाकापासून निघालें आहे.